व्याख्यान सोडून सगळं

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी एकदा एखादं काम अंगावर घेतलं, की ते तडीस गेलंच म्हणून समजा! सोलापुरात कुणालाही विचारा. फक्त आमच्या घरी विचारू नका. घरी यशोदा आहे, माझी बायको, आणि मी तडीस नेलेल्या कामांबद्दल तिची माहिती जरा वेगळी आहे.

मी गोपाळ. दिवसा एका कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क आणि उरलेल्या वेळात विज्ञानप्रेमी मंडळाचा सचिव. विज्ञानाचा आणि माझा तसा संबंध नाही. शाळेतच आम्ही दोघांनी एकमेकांचा नाद सोडला. पण मंडळ चालवायला विज्ञान कुठं लागतं? सतरंज्या लागतात, माइकवाला लागतो, वेळेवर चहा लागतो. त्यात आपला हात धरणारा कुणी नाही!

मंडळाचं वैभव म्हणजे चन्नवीर सर, फिजिक्सचे निवृत्त प्राध्यापक. वर्षानुवर्षं सर आमच्याकडं रविवारी व्याख्यान द्यायचे आणि हॉल गच्च भरायचा. भाकरी का फुगते, माठातलं पाणी गार का होतं, मागाच्या खडखडाटात दोन विणकर एकमेकांचं बोलणं कसं ऐकतात, असले विषय. ऐकून घरी गेलेली माणसं ताटातल्या भाकरीकडं आदरानं बघायची. पुढं सरांचे गुडघे जिना चढू देईनात, आणि आमचा हॉल वरच्या मजल्यावर. व्याख्यानं बंद पडली.

अशात एका दुपारी दुधनीहून फोन आला. श्रीदेवी मॅडम, तिथल्या एका हायस्कुलात मराठी शिकवतात.

"सर, आमच्याकडं विज्ञानाला शिक्षकच नाही हो! होते ते बदलून गेले, नवे यायचं नाव नाही. दहावीचा विज्ञानाचा तास माझ्या गळ्यात पडलाय. काल मी प्रकाशाचं अपवर्तन शिकवलं. भावार्थ सांगितला त्याचा!"

"भावार्थ?"

"मग काय करू? मला तेवढंच येतं! शाळेत मोठा टीव्ही आहे, नेट आहे. तुम्ही चन्नवीर सरांची सगळी व्याख्यानं शूट केलीत ना? ती नेटवर टाका की! नाहीतर माझी पोरं बोर्डाच्या परीक्षेत माझा भावार्थ लिहून येतील हो!"

बाईंचा आवाज रडवेला झाला होता. माझ्या डोळ्यांसमोर एक अख्खा वर्ग भिंगाचं रसग्रहण करताना उभा राहिला. मी छाती पुढं काढून म्हणालो, "मॅडम, काळजीच करू नका. येत्या शनिवारी टीव्ही लावून बसा. सगळी व्याख्यानं नेटवर असतील!"

सरांची परवानगी घ्यायला गेलो, तर सर म्हणाले, "खुशाल टाका हो गोपाळराव. फक्त मला बघायला सांगू नका. माझाच आवाज मला सोसत नाही."

शूटिंग सगळं सिद्धलिंगनं केलेलं. सात रस्त्याजवळच्या बोळात त्याचा स्टुडिओ आहे. मूळ धंदा लग्नाच्या शूटिंगचा, पण मंडळावर जीव! मंडळाच्या कपाटातल्या कॅसेटी आणि सीड्या पोत्यात भरून मी त्याच्यापुढं ओतल्या. म्हटलं, "हे सगळं कॉम्प्युटरमधे घे. काही राहायला नको."

"काका, राहतंय कसं? एक बी कार्यक्रम चुकवला न्हाय मी! सगळं हाय हितं."

त्यानं दिलं, मी चढवलं. प्रत्येक व्हिडिओला मी स्वतः भारदस्त नावं दिली. 'उष्णता: एक अभ्यास.' 'ध्वनी: एक चिंतन.' कोपऱ्यात सरांचा फोटो टाकला, आणि जागा रिकामी दिसत होती म्हणून माझाही टाकला. व्हिडिओ बघितले का म्हणून विचाराल, तर प्रत्येकाची सुरुवात बघितली. सुरुवात झकास होती! ओळखीच्या सगळ्यांना लिंक पाठवली. एका पेपरात 'सोलापूरचे विज्ञान जगाच्या दारी' अशी बातमीही आली. मी ती यशोदेच्या पोळपाटाशेजारी नेऊन ठेवली.

ती म्हणाली, "अहो, पिठाचा हात आहे. आणि तुम्ही स्वतः ऐकलंत का एखादं व्याख्यान शेवटपर्यंत?"

"मी सचिव आहे, श्रोता नाही!"

शनिवार उजाडला. मी इस्त्रीचा शर्ट घालून फोनशेजारी बसलो. मॅडमचा फोन आलाच.

"सर, सगळी पोरं वह्या उघडून बसलीत. दीपप्रज्वलन चाललंय."

"चालू द्या! समई पेटायला वेळ लागतो. हॉलमधे पंखे फार."

परत फोन. "सर, आता हार चाललेत. पोरं नावं लिहून घेताहेत."

"कुणाची?"

"हार घालून घेणाऱ्यांची! त्यांना वाटलं, सगळे शास्त्रज्ञच आहेत."

"लिहू द्या की. सामान्यज्ञान वाढतं."

परत फोन. "सर, उभे राहिले! चन्नवीर सर उभे राहिले! माइकसमोर आले! 'मित्रहो' म्हणाले!"

"आलं ना? मी म्हटलं नव्हतं?" मी विजयानं यशोदेकडं बघितलं. ती शेंगा फोडत बसली होती. तिनं एक दाणा तोंडात टाकला.

फोन ठेवतो न ठेवतो तोच परत वाजला. "सर, राष्ट्रगीत झालं."

"कुणाचं?"

"कुणाचं म्हणजे? आपलंच! पोरं उठून उभी राहिली, मीपण राहिले. 'मित्रहो' झालं की एकदम आभारच आले, आणि मग राष्ट्रगीत! मधलं व्याख्यान कुठंय हो सर?"

मी म्हटलं, "तो व्हिडिओ जरा बिघडला असेल. 'ध्वनी: एक चिंतन' लावा."

'ध्वनी' लावलं. पोरं परत राष्ट्रगीताला उभी राहिली. 'माठ' लावला, परत उभी राहिली. त्या दिवशी दुधनीच्या दहावीइतका देशाचा सन्मान आख्ख्या महाराष्ट्रात कुणी केला नसेल!

फोन ठेवून मी आणि यशोदा एकेक व्हिडिओ बघत सुटलो. दीपप्रज्वलन, स्वागत, शाल, नारळ, प्रास्ताविक, परिचय. माझी प्रास्ताविकं तर शब्द न् शब्द आली होती! मग सर उभे राहायचे, 'मित्रहो' म्हणायचे, पडदा काळा व्हायचा, आणि उजेड पडला की थेट आभार. बघितला तो व्हिडिओ तसाच. भाकरी फुगायच्या आतच लोक चपला शोधायला लागायचे.

"अगं बाई!" यशोदा ओरडली.

"काय झालं? सापडलं व्याख्यान?"

"नाही हो! ही माझी मोरपिशी इरकल साडी! कुठं गेली ती?"

मी तडक सात रस्ता गाठला. सिद्धलिंग एका नवरीचे गाल गोरे करत बसला होता.

"सिद्धलिंग! अरे व्याख्यानं कुठायत?"

"ही काय, दिली की सगळी."

"हे सत्कार आहेत! सरांचं बोलणं कुठाय?"

त्यानं माझ्याकडं खरोखर आश्चर्यानं बघितलं. "बोलणं? काका, बोलण्याचं काय शूटिंग करायचं? एकच माणूस, एकाच जाग्यावर हुबा. लग्न लावणारे स्वामी मंत्र म्हणत्यात तवा कोण कॅमेरा धरून बसतंय? हार पडला की चालू, अक्षता पडल्या की चालू. मधे मी बॅटरी वाचवतो. इतकी वर्सं झाली, एकानं तक्रार केली न्हाय. जो तो एवढंच इचारायचा, माझा सत्कार आला का म्हणून!"

आमच्या मंडळात खरंच कुणी दुसरं काही विचारलं नव्हतं.

घरी येऊन मी ठरवलं, शोभा पुरे झाली. सगळे व्हिडिओ काढून टाकले. आणि खरी पळापळ तिथून सुरू झाली! पहिला फोन धुळाप्पा अण्णांचा. अण्णा म्हणजे आमचे माजी अध्यक्ष.

"गोपाळ! अरे, सकाळी होतं ते दुपारी गेलं कुठं? व्याह्यांना दाखवायला बसलो होतो!"

"अण्णा, ते व्याख्यान होतं, पण त्यात व्याख्यानच नाही..."

"व्याख्यान जाऊ दे रे! माझा हार परत लाव!"

मग रांगच लागली. एका बाईंच्या सासूबाई तिसऱ्या रांगेत होत्या, आता त्या हयात नाहीत, आणि हसताना दिसतात असं त्यांचं हे एकच शूटिंग. एका गृहस्थांच्या तान्ह्या पोरीनं 'ध्वनी' मधे भोकाड पसरलं होतं, आता ती इंजिनियर झाली आहे, तिला तो व्हिडिओ लग्नात दाखवायचा होता. एकानं तर मला घराबाहेर गाठून दम दिला, "विज्ञानाच्या नावाखाली आमच्या आजोबांना गायब करता होय!" चन्नवीर सर कुणालाच नको होते. मी हात जोडले आणि सगळं परत चढवायला बसलो.

यशोदा शेजारीच बसली होती. इरकल नेमकी कुठपर्यंत दिसते ते तिला बघायचं होतं. मंडळाच्या वर्धापनदिनाचा व्हिडिओ लागला. पडद्यावर कढई. आचारी भजी सोडतोय. मी पुढं ढकलणार, तेवढ्यात तिनं माझा हात धरला.

"अहो, थांबा! आवाज कुणाचा आहे?"

आवाज सरांचा होता! लग्नात आचाऱ्याचं शूटिंग घेतलं नाही तर घरचे रुसतात, म्हणून सिद्धलिंग सवयीनं मागच्या अंगणात गेला होता. आचाऱ्यानं त्याच्या हातात भज्यांची बशी दिली आणि कॅमेरा बंद करायचा राहिला. हॉलमधल्या माइकचा एक स्पीकर नेमका खाली त्या चुलीशेजारच्या खांबाला बांधलेला. 'उष्णता' या विषयावर सर पूर्णच्या पूर्ण बोलले होते, आणि पडद्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत भजी!

मी मॅडमना घाबरत घाबरत कळवलं, "एक सापडलंय. फक्त पोरांना म्हणावं, डोळे मिटून ऐका."

मंगळवारी मॅडमचा फोन. मी कानापासून लांबच धरला.

"सर, पोरांनी परत लावायला लावलं! अहो, तळाचं तेल तापून वर येतं आणि वरचं गार तेल खाली जातं असं सर सांगतात, आणि तेवढ्यात भजं गिरकी घेऊन वर येतं! माझ्यासुद्धा डोक्यात शिरलं! पोरांनी घरी जाऊन आयांना कढया तापवायला लावल्यात. आता विचारतात, हा आवाज कुणाचा? मी सत्कारातले सर दाखवले, तर म्हणतात, हे नव्हेत, हे तर नुसते गप्प बसलेत. सर, खरं सांगू? पोरांना तो चेहरा बघायचाय."

आता सरांना सांगणं भाग होतं. गेलो. मान खाली घालून सगळं सांगितलं, 'मित्रहो'पासून भज्यापर्यंत. मला वाटलं, आता उठवतात मला. तर त्यांचे खांदे हलायला लागले. हसता हसता चष्मा मांडीवर पडला!

"म्हणजे गोपाळराव, इतकी वर्षं मी बोललो, आणि शिल्लक राहिला नारळ!"

"आणि भजी, सर."

"आणि पोरांनी ते परत लावायला लावलं म्हणता?"

"हो सर. चेहरा बघायचाय म्हणतात."

सर चष्मा पुसत बसले. बराच वेळ पुसला. मग म्हणाले, "मी समजत होतो, आपलं शिकवणं संपलं." हारांच्या गर्दीत हा माणूस आम्ही कुणी बघितलाच नव्हता. पण सर लगेच ताठ झाले. "त्या शाळेला जिना आहे का हो?"

"नाही सर. बसकी इमारत आहे."

"मग बघत काय बसलात? चला!"

झालं! शनिवारी सर, मी, यशोदा आणि सिद्धलिंग, अशी आमची वरात जीपमधून दुधनीला निघाली. वाटेतच मी कायदा सांगितला. "आज हार नाही, शाल नाही, नारळ नाही, समई नाही, प्रास्ताविक नाही! फक्त सर! आणि सिद्धलिंग, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत एकूण एक पाहिजे. हे व्याख्यान जगभर जाणार आहे!"

"काका, आईशप्पथ! एकदा कार्यक्रम सुरू झाला की मी कॅमेऱ्याला हात लावत न्हाय."

शाळेत पोचलो तर मॅडम हार घेऊन उभ्या. मी तो परत टोपलीत टाकला. मुख्याध्यापक शाल घेऊन आले. मी शालीची घडी करून त्यांच्याच खांद्यावर ठेवली. एका शिक्षकांनी मागं लपवलेला नारळ तर मी अक्षरशः हिसकावून घेतला. यशोदा म्हणाली, "अहो, जरा हळू. हाणामारी वाटतेय बघणाऱ्याला."

सिद्धलिंगनं वर्गाच्या मागं कॅमेरा उभा केला. सर काठी टेकत आत आले आणि खुर्ची सोडून पहिल्या बाकाच्या कडेवर बसले. म्हणाले, "एक खोलगट वाटी आणा बघू. नाणं कुणाकडं आहे?"

वाटी आली. नाणं आत टाकलं. सरांनी एका पोरीला बोलावलं, "इल्ली बा!" ती पुढं आली. "आता वाटीकडं बघत मागं सरक. नाणं दिसायचं बंद झालं की थांब." ती थांबली. सरांनी वाटीत हळूच पाणी ओतलं. पोरगी जागची हलली नाही, नाणं हललं नाही, आणि तिनं किंकाळीच फोडली, "बंतु! बंतु! आलं की हो नाणं!"

मग काय विचारता! रांग लागली. कानडी आणि मराठीची नुसती खिचडी उडाली. सर विचारत होते, पोरं भांडून उत्तरं देत होती, फळ्यावर प्रकाशाचे किरण काढायला खडू पुरेनात. श्रीदेवी मॅडम पदर खोचून तीनतीनदा रांगेत उभ्या राहिल्या. मुख्याध्यापक आले. शेवटी मीही गेलो. तुम्हाला सांगतो, ते गेलेलं नाणं पाण्यातून वर आलं, आणि मला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की मी मुख्याध्यापकांना मिठी मारली! मागं वळून बघतो तर रांगेत सिद्धलिंग. तोंडाचा आ वासलेला. म्हटलं, बघू दे बिचाऱ्याला. कॅमेरा काय, स्टँडवर त्याचं काम करतोच आहे.

सर थांबले तेव्हा वर्गातून कुणी उठेना. सरांचा चेहरा असा उजळला होता, की मला राहवलं नाही. आभाराचे चार शब्द तरी नकोत का? माणूस आहे मी! उभा राहिलो आणि बोललो. मॅडमचे, मुख्याध्यापकांचे, जीपच्या ड्रायव्हरचे, वाटीचेसुद्धा आभार मानले. शेवटी हात उंचावून म्हणालो, "विद्यार्थी मित्रहो, आज इथं जे घडलं, त्यातला शब्द न् शब्द या कॅमेऱ्यानं टिपलेला आहे! तो आता कायमचा जगाचा झाला!" टाळ्या पडल्या.

चहा पिताना मी म्हणालो, "सिद्धलिंग, जरा दाखव बघू. सरांनाही दाखव."

त्यानं कॅमेऱ्याचा छोटा पडदा उघडला. सगळे भोवती जमले. पडद्यावर मी. हात उंचावलेला.

"हे शेवटचं झालं. सुरुवातीपासून लाव."

"सुरुवात हीच हाय काका."

"म्हणजे? अरे, वाटी कुठाय? नाणं कुठाय? सर कुठायत?"

सिद्धलिंग रडकुंडीला आला. "काका, कार्यक्रम सुरू कवा झाला ते मला कसं कळावं? समई न्हाय, हार न्हाय, प्रास्ताविक न्हाय! सर येऊन बाकावर बसले, वाटी मागितली. मला वाटलं, पोरांसंगं सहज बोलत्यात, कार्यक्रम अजून व्हायचाय. म्हटलं, तवर आपण बी नाणं बघून येऊ. मग तुमी आभार म्हणालात, तवा वळखलं की, कार्यक्रम हाय म्हणून! पळत जाऊन चालू केला."

मी हळूच सरांकडं बघितलं. सर चहाचा कप खाली ठेवत श्रीदेवी मॅडमना विचारत होते, "मग, पुढच्या शनिवारी भिंग घेऊन येऊ का?"

खिडकीला लटकलेल्या पोरांनी असा गलका केला, की कौलांवरची कबुतरं उडाली.

आता दर शनिवारी आम्ही दुधनीला जातो आणि व्याख्यानं खरोखर नेटवर चढतात. सर बाकावर बसले की आधी मोठ्यानं ओरडतात, "सिद्धलिंग, कार्यक्रम सुरू झाला रे!" प्रत्येक व्हिडिओचं पहिलं वाक्य तेच आहे. सांगोल्याच्या एका शाळेनंही लावायला सुरुवात केली आहे, आणि तिथली पोरं म्हणे ते वाक्य सरांच्या बरोबरीनं ओरडतात.

माझं आभाराचं भाषणही चढवलं आहे, 'आभार: एक चिंतन' या नावानं. त्याचाही उपयोग होतो बरं का! मागच्या आठवड्यात मॅडमना मीटिंगला जायचं होतं, तर वर्ग शांत राहावा म्हणून त्यांनी तेच लावलं. मी अभिमानानं विचारलं, "मग? राहिला का शांत?"

"अगदी शांत, सर," मॅडम म्हणाल्या. "मी आले तेव्हा सगळा वर्ग झोपला होता."